बाळाचं वजन टनांत

मावशी,

माझं वय ३१. शनिवार-रविवार मी जखमी प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करते. गेल्या महिन्यात रस्त्याकडेला पडलेल्या एका कुत्रीच्या जखमेतल्या अळ्या चिमट्यानं काढत होते. सव्वाशेपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. अंधार पडला होता. पार्सल घेऊन चाललेला एक मुलगा थांबला आणि त्यानं मोबाईलचा टॉर्च धरला. घरी पोचते तर ताईचा फोन. तिला दुसऱ्यांदा दिवस गेलेत. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून एक? आठशे कोटी पुरत नाहीत का?" एवढ्यावर थांबले नाही. एक मूल कमी म्हणजे वर्षाला ५८ टन कार्बन वाचतो, हेही ऐकवलं. तिनं फोन ठेवला. पाच आठवडे आमचं बोलणं बंद आहे. आई म्हणते, माफी माग. पण मी खोटं काय बोलले? माणूस हा पृथ्वीला झालेला रोगच आहे, असं मला मनापासून वाटतं.

नवऱ्याला मूल हवंय. मला नको, निदान मी तसं सांगते. आणि एका गोष्टीची भीती वाटते. परवा पुराच्या बातम्यांत छपरावर अडकलेलं कुत्रं दिसलं आणि मी ढसाढसा रडले. खालच्या पट्टीवर मृतांचा आकडा सरकत होता. तो वाचूनही काहीच वाटलं नाही. मावशी, मी अशी कधी झाले?

— नाव छापू नका

*

आधी त्या ५८ टनांचा हिशेब मिटवू, कारण ताईशी भांडताना तू तोच हातात घेतला होतास.

हा आकडा तू हवेतून काढलेला नाहीस. २०१७ साली दोन संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. गाडी सोडली, विमान टाळलं, मांसाहार सोडला तर माणशी किती कार्बन वाचतो याची त्यात तुलना होती, आणि यादीत सगळ्यांत वर होतं 'एक मूल कमी': वर्षाला ५८.६ टन, तेही श्रीमंत औद्योगिक देशांच्या सरासरीनं. बातमी जगभर फिरली. आकडा कसा आला ते मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. मुलाच्या आयुष्यभराच्या धुराचा अर्धा वाटा तुझ्या नावावर, नातवंडाचा पाव, पतवंडाचा आठवा हिस्सा, असं पिढ्यान्‌पिढ्या खाली जात सगळी बेरीज करायची आणि ती तुझ्या आयुष्याच्या वर्षांनी भागायची. वर गृहीत काय, तर पुढची सगळी पिल्लावळ आज आपण जाळतो तेवढंच जाळत राहणार. या हिशेबानं माझी खापरपणजी, जिनं जन्मात चूल आणि दिवा यांपलीकडे काही पेटवलं नसेल, तीसुद्धा माझ्या प्रत्येक विमानप्रवासाला जबाबदार ठरते. मग मी नेमकी कशाला जबाबदार? तोच धूर माझ्या खात्यावर, तोच तिच्या. आणि जगानं खरोखर झपाट्यानं कोळसा-तेल सोडलं, तर पतवंडांच्या नावावर टाकायला फारसं काही उरतच नाही आणि तो ५८ चा डोंगर कोसळतो.

म्हणजे तू ताईला जे ऐकवलंस ते खोटं नव्हतं, पण जे हिशेबाचं गृहीतक होतं ते तू तिच्या बाळाचं वजन म्हणून सांगितलंस. फरक मोठा आहे.

आता आठशे कोटींचं. तेही खरं. संयुक्त राष्ट्रांनी १५ नोव्हेंबर २०२२ हा त्याचा दिवस धरला. १९६० ला आपण सुमारे तीनशे कोटी होतो, १९७४ ला चारशे, १९९९ ला सहाशे. हे आकडे असे ओळीनं वाचले की छातीत धडधडतं, मला ठाऊक आहे. मीही त्याच धडधडीत मोठी झाले. पण त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती आणि ती बातमी कधी झाली नाही, कारण ती घराघरांत, आवाज न करता घडत होती. १९६० च्या दशकात जगाची लोकसंख्या वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वेगानं वाढत होती. आज तो वेग एक टक्क्याच्याही खाली आहे. तेव्हा एका बाईला सरासरी पाच मुलं होत, आता सव्वादोनच्या आसपास. म्हणजे नुसती आई-बापांची जागा भरून निघेल, जवळपास तेवढीच. तरी संख्या वाढतेच आहे, कारण गेल्या पिढ्यांत जन्मलेल्या मुली आता आया होण्याच्या वयात आहेत आणि त्या संख्येनं खूप आहेत. प्रत्येकीला दोनच झाली तरी बेरीज वरच जाणार. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार हा चढ या शतकाच्या नवव्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर संपेल आणि मग उतार लागेल.

"मग लोकसंख्येचा काही संबंधच नाही" असं मात्र मी तुला सांगणार नाही. तसं सांगणारे लोक मला तितकेच अप्रामाणिक वाटतात. १९६० पासून माणसं पावणेतीनपट झाली आणि कोळसा, तेल, वायू जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड साधारण चौपट. त्यात संख्येचा वाटा उघड आहे. पण हे 'माणूस' म्हणून जे एकच गाठोडं तू बांधतेस, ते जरा सोडून बघ. संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामानबदल समितीच्या ताज्या अहवालात घरगुती उपभोगातून होणाऱ्या उत्सर्जनाची वाटणी दिली आहे: जगातल्या सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या दहा टक्के घरांकडे ३४ ते ४५ टक्के, आणि तळाच्या अर्ध्या जगाकडे मिळून १३ ते १५ टक्के. माणसं सर्वांत वेगानं वाढताहेत ती बहुतांशी या तळाच्या अर्ध्या जगात. ज्या घरात दिवाच लागत नाही तिथल्या पाचव्या मुलाला, आणि ज्या घरात प्रत्येकाची वेगळी गाडी आहे तिथल्या एकुलत्या एकाला, तू एकाच काट्यावर कशी तोलणार?

शिवाय वेळेचंही गणित आहे. तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर यायला हवं, असं शास्त्रज्ञ सांगत आले. २०२४ हे सबंध वर्षच औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून जास्त गरम गेलं, म्हणजे हातात उरलेला वेळ थोडा. ताईचं बाळ २०५० ला जेमतेम पंचविशीत असेल. आज जगात एकही मूल जन्माला आलं नाही तरी कारखाने, वीजकेंद्रं, जहाजं, सगळं उद्या सकाळी तसंच सुरू राहील, कारण ते चालवणारे आणि वापरणारे आधीच जन्मलेले आहेत. मी, तू, तुझा नवरा. हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दर दहा लाख भागांत २८० होतं ते ४२० च्या वर गेलं, त्यात त्या न जन्मलेल्या पोराचा एक श्वासही नाही.

कासवांची पिल्लं नर निघणार की मादी, हे अंडी ज्या वाळूत असतात तिच्या उष्णतेवर ठरतं, हे तुला माहीत असेलच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडच्या हिरव्या समुद्री कासवांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. वयात न आलेल्या कासवांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त माद्या सापडल्या. त्या वाळूला माणसं किती जन्मली हे कळत नाही. कोळसा किती जळला तेवढं कळतं.

(एक जुनी पैज आठवली. 'माणसं वाढली की वस्तू दुर्मीळ होणार' म्हणणारे जीवशास्त्रज्ञ पॉल अर्लिक आणि 'माणूस तोड काढतोच' म्हणणारे अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९८० मध्ये पाच धातूंच्या किमतींवर पैज लावली. दहा वर्षांत, महागाई वजा जाता, पाचही स्वस्त झाले आणि अर्लिकनी मुकाट्यानं ५७६ डॉलरांचा चेक पाठवला. लोकसंख्येची भीती कशी फुसकी होती हे सांगायला हा किस्सा अजून वापरतात. मला तो ऐकताना दरवेळी वाटतं, पैज तांब्यावर, जस्तावर नव्हे तर हवेवर लावायला हवी होती. तांबं कमी पडलं की महागतं आणि माणूस दुसरं शोधतो. हवेला भावच नाही. आणि हो, त्या पाचांत जस्त नव्हतं, कथील होतं. मी उगाच ओघात लिहून गेले.)

आता प्राण्यांकडे येऊ, कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे.

तुझ्या पत्राचा रोख असा, की माणसं वाढली म्हणून प्राण्यांना जागा उरली नाही. २०१८ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरच्या सजीवांचं वजन मांडलं. सगळे सस्तन प्राणी एका काट्यावर घातले तर माणसं भरतात ३६ टक्के. जंगली प्राणी, म्हणजे हत्ती, देवमासे, हरणं, उंदीर, वाघ सगळे मिळून, फक्त ४ टक्के. उरलेले ६० टक्के आपली गुरं, डुकरं, शेळ्या-मेंढ्या. पक्ष्यांतही तसंच: ७० टक्के वजन पाळीव कोंबड्या-बदकांचं. जगातल्या राहण्याजोग्या जमिनीपैकी जवळपास निम्मी शेतीखाली आहे, आणि त्यातली सुमारे तीन-चतुर्थांश चराईला आणि जनावरांच्या चाऱ्याला जाते. त्यातून जगाला मिळणारे उष्मांक एक-पंचमांशाहूनही कमी.

म्हणजे वाघाच्या जागेवर येऊन बसलंय ते ताईचं बाळ कमी आणि बाळाच्या मागे उभा असलेला कोट्यवधी जनावरांचा कळप जास्त. आणि या कळपावर तुझ्या पत्रात एक ओळ नाही. कुत्री आहे, पुरातलं कुत्रं आहे. दरवर्षी अब्जावधी कोंबड्या उजेड न बघता वाढून संपतात, त्या नाहीत. हे मी तुला टोचायला म्हणत नाही. मी स्वतः या बाबतीत धुतल्या तांदळासारखी नाही. पण 'मला माणसांपेक्षा प्राणी प्रिय' या वाक्यातले 'प्राणी' कोण, हे आपण कधी विचारत नाही. ते बहुतेक वेळा ज्यांचे डोळे आपल्याला कळतात तेच असतात.

एका उंदराची गोष्ट सांगते. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्या मधल्या समुद्रात ब्रॅम्बल के नावाचं एवढंसं वाळूचं बेट आहे, सर्वांत उंच जागा जेमतेम तीन मीटर. त्यावर मेलोमिस जातीचा एक तपकिरी उंदीर राहायचा, जगात फक्त तिथेच. भरतीचं खारं पाणी बेटावर वारंवार चढू लागलं, हिरवाई जळत गेली, आणि दहा वर्षांत तिथली झाडोऱ्याची जागा जवळपास सगळीच गेली. उंदीर शेवटचा दिसला २००९ मध्ये. २०१४ मध्ये शोधायला गेलेल्या लोकांनी सापळे लावले, कॅमेरे लावले. काही मिळालं नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारनं तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. मानवनिर्मित हवामानबदलानं संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद आहे. त्याच्यासाठी कुणी मेणबत्त्या लावल्या नाहीत. त्या बेटावर माणसांची गर्दी झाली म्हणून तो मेला नाही. तिथे माणसं राहतच नव्हती.

गिधाडांचं याच्या उलट. भारतीय उपखंडात नव्वदच्या दशकात कोट्यवधी गिधाडं पटापट मेली, काही जातींची ९५ टक्क्यांहून जास्त. कारण सापडलं ते एक औषध: गुरांना वेदनेसाठी दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. ते टोचलेलं जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, कारण गिधाडाला न मारणारं मेलॉक्सिकॅम हाताशी होतं. आणि गिधाडं गेल्यावर कुजत पडलेल्या मढ्यांमुळे, दूषित पाण्यामुळे, वाढलेल्या भटक्या कुत्र्यांमुळे माणसंही मेली. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू, असा अंदाज २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला. गिधाड कुणाला गोड वाटतं? पण त्याला वाचवायला कुणाचं बाळ कमी करावं लागलं नाही. एक बाटली बदलावी लागली. ती बदला म्हणून वर्षानुवर्षं मढी तपासत हिंडलेली माणसंच होती, तुझ्या भाषेत 'रोग'.

या शब्दाची मला चीड आहे, हे सरळ सांगते. 'माणसं फार झालीत' असं म्हणणाऱ्यानं मोजणी स्वतःपासून सुरू केल्याचं मी पाहिलेलं नाही. ती नेहमी दुसऱ्याच्या दारातून सुरू होते. याच म्हणण्याच्या आडून १९७६ मध्ये भारतात माणसांना धरून नेऊन नसबंद्या झाल्या. चीननं १९८० पासून २०१५ पर्यंत घराघरांवर एक-मूल धोरण लादलं. जन्मदर खरोखर खाली आला तो मुली शाळेत टिकल्या, गर्भनिरोधक साधनं हाती आली आणि झालेलं मूल जगेल याची खात्री वाटू लागली, तिथे. आजही जगातल्या जवळपास निम्म्या गर्भधारणा ठरवून झालेल्या नसतात. लोकसंख्येची काळजी वाटत असेल तर काम तिथे आहे, ताईच्या फोनवर नाही.

आता तुझी भीती. छपरावरचं कुत्रं एक होतं, त्याला तोंड होतं, ते थरथरत होतं. मृतांचा आकडा हा आकडा होता. त्याच बातमीत पाण्यात उभी राहून कुणाला तरी हाका मारणारी एखादी बाई दिसली असती तर तू तिच्यासाठीही रडली असतीस, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मन एकासाठी हलतं, हजारांपुढे बधिर होतं. हे तुझं एकटीचं बिघडलेलं नाही. पण त्या बधिरपणावर तू 'माणूस हा रोगच' असं लेबल चिकटवलंस ना, तिथे मी थांबवीन. कारण आता तो नुसता बधिरपणा राहत नाही, तो विचार होऊन बसतो आणि मग जपला जातो. निवाऱ्यात आठवड्याला किती मरणं पाहतेस? त्याबद्दल कुणाशी बोलतेस? पत्रात तरी नाही. मला वाटतं, तुझ्यात साठलेलं दुःख आहे, आणि दुःखापेक्षा राग उचलायला हलका असतो. निवाऱ्यातल्या इतरांशी याबद्दल बोल. नाहीच जमलं तर समुपदेशकाकडे जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. महिन्यातला एखादा शनिवार तिकडे न जाता काढ. कुत्री तुझी हजेरी घेत नाहीत.

मूल नको असेल तर नको. त्याला ५८ टनांचा दाखला जोडण्याची काहीच गरज नाही. 'मला आई व्हायचं नाही' हे पूर्ण वाक्य आहे. पण तू लिहिलंस 'निदान मी तसं सांगते', आणि मी ते तीनदा वाचलं. हवंय पण त्याला कसलं जग मिळेल या धास्तीनं नको म्हणत असशील, तर ते वेगळं बोलणं आहे आणि ते नवऱ्याशी व्हायला हवं. त्याच्यापुढे आजवर तू आकडे ठेवलेस, असा माझा कयास आहे. एकदा धास्ती ठेव. त्यालाही तीच असेल कदाचित.

ताईकडे स्वतः जा, फोनवर नको. गेल्यावर एवढंच म्हण: "त्या दिवशी मी वाईट बोलले. तू आनंदानं सांगत होतीस आणि मी तुला ऐकूनच घेतलं नाही." 'पण' नको. हवामान नको, मी वर लिहिलेलंही काही नको. ती रागावली तर रागावू दे, रडली तर बसून राहा. पहिल्या पोराला घेऊन एखाद्या रविवारी निवाऱ्यात येशील का, हे विचारायला हरकत नाही. पण त्याच दिवशी नको, पुढच्या वेळी.

आणि तो पार्सलवाला मुलगा. त्याला तू एका वाक्यात आटोपलंस. सव्वाशे अळ्या आणि पुढच्या न मोजलेल्या. म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास झाला असेल. त्याचे पैसे फेऱ्यांवर असणार, त्याची तेवढी खोटी झाली, उशिराबद्दल वर बोलणीही बसली असतील. दुर्गंधीजवळ तो वाकून उभा राहिला आणि उजेड हलू दिला नाही. तोही त्या आठशे कोटींतला, आणि कुठल्यातरी आईचा दुसरा नाहीतर तिसरा असेल.

कुत्रीचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीस. कळव.

— मावशी